सोसायटीचा जिना आणि हिमालयातला उतार

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी, चार मजली आणि बिनलिफ्टची. बर्फातल्या ट्रेकला पहिल्यांदाच निघालेलं कुणी सल्ला विचारायला आलं की मी चहा टाकते आणि त्यांच्या हातात मोजपट्टी देऊन त्यांना जिन्यात पाठवते. आमच्या पायरीची उंची १६ सेंटिमीटर, रुंदी २५. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप उघडून फोन जिन्याच्या कठड्यावर ठेवला की साडेबत्तीस अंशांच्या आसपासचा आकडा दिसतो. ‘बरं, मग?’ असा चेहरा करून मंडळी परत येतात. मग सांगायचं, की हिमस्खलन, म्हणजे आपण ट्रेकर ज्याला सरळ ॲव्हलांच म्हणतो ते, बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतं आणि त्यातही ३८ अंशांच्या आगेमागे सगळ्यात जास्त. दुधाची पिशवी घेऊन रोज चढतो, तो हा उतार.

लोकांच्या डोक्यात ॲव्हलांच म्हणजे बातम्यांत दिसणारा कुठलातरी उभा कडा असतो. पण फार उभ्या भिंतीवर बर्फ साठतच नाही, पडता पडता घरंगळून जातो. फार सपाट जागेवरून तो सुटत नाही. मधला, चढायला बरा वाटणारा आणि वरून घसरगुंडी करायचा मोह पाडणारा उतार, तो धोक्याचा.

केदारकांठा, ब्रह्मताल, मनालीच्या वरची कुरणं, गुलमर्ग अशा ठिकाणी हिवाळ्यात किंवा वसंतात जाणाऱ्या नवख्यांसाठी हे लिहितेय. हे वाचून चार आठवड्यांच्या बेसिक कोर्सची बरोबरी होणार नाही. उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग, पहलगाम इथल्या संस्थांत तो होतो आणि जमत असेल तर जरूर करा. पण आपण वर्षातून आठ-दहा दिवस बर्फ पाहणारी माणसं. अख्खा हिवाळा त्याच उताराखाली काढणाऱ्यांचाही बर्फाबाबतचा अंदाज चुकतो, तिथे आपली काय कथा. म्हणून माझा भर बर्फ ओळखण्यापेक्षा जागा ओळखण्यावर आहे. बर्फ रात्रीत बदलतो, उताराचा कोन बदलत नाही, आणि तो मोजायला अनुभव लागत नाही.

कोन मोजायला शिका

फोन चालतो, पण थंडीत त्याची बॅटरी बसते आणि हातमोज्यांत स्क्रीन दाद देत नाही. त्यामुळे दोन काठ्यांची युक्ती अंगवळणी पाडा. सारख्या लांबीच्या दोन ट्रेकिंग पोल घ्या. एक काठी उताराच्या दिशेत, वरून खाली, बर्फावर दाबून तिचा ठसा उमटवा. आता तिचं वरचं टोक तिथेच टेकलेलं ठेवून खालचं टोक उचला. उचललेल्या टोकाला दुसरी काठी चिमटीत धरून ओळंब्यासारखी लोंबू द्या आणि तिचं खालचं टोक बर्फाला नुसतं लागेल एवढ्यावर थांबा. ते टोक ठशाच्या खालच्या टोकावर आलं तर उतार बरोबर ३० अंश. ठशाच्याही खाली गेलं तर उतार त्याहून जास्त: साधारण सव्वा मीटरच्या काठ्यांना दर १० सेंटिमीटरमागे सुमारे ३ अंश धरा. ठशाच्या आत राहिलं तर ३० पेक्षा कमी.

वाचताना हे किचकट वाटतं, हातात काठ्या आल्या की दोन मिनिटांत जमतं. माहुलीला जाल तेव्हा पायथ्याच्या गवताळ उतारावर करून बघा. आधी नुसत्या डोळ्यांनी अंदाज सांगा, मग मोजा. नवखा माणूस खालून बघताना उतार कमी समजतो आणि वरून बघताना जास्त. पाच-सहा ट्रेकमध्ये डोळा बसतो. आणि मोजायचं ते उताराच्या कडेला किंवा पायथ्याशी, सुरक्षित जागी उभं राहून. मधोमध जाऊन ‘अरे, हा तर ३६ आहे’ असा शोध लावण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट इथेच पक्की करून टाका. तुम्ही २० अंशांवर चालताय म्हणून सुटलात असं नाही. तुमच्या डोक्यावर ३८ अंशांचा उतार असेल तर वरचा बर्फ येऊन तुमच्यावरच थांबणार. ४ एप्रिल २०२३ ला गंगटोक–नाथुला रस्त्यावर ॲव्हलांच आला आणि ७ पर्यटक गेले. ते कुठला कडा चढत नव्हते. पायाखालचा कोन बघायचा, तसाच डोक्यावरचाही.

ताटातला ॲव्हलांच

स्लॅब म्हटलं की ठाणेकराच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यात कोसळलेला जुन्या इमारतीचा स्लॅब येतो. बर्फातला स्लॅब त्याच कुळातला: वर एकसंध, जडसर थर आणि खाली त्याला पेलायला नालायक असं काहीतरी. माणसं मारणारे बहुतेक ॲव्हलांच या स्लॅबचे असतात.

हे बघायला स्वयंपाकघर पुरतं. जेवायला बसायचा पाट घ्या, त्यावर जुना खरखरीत टॉवेल ताणून बसवा. त्यावर तांदळाचं पीठ चाळणीने चाळून दोन बोटं जाडीचा थर द्या, तळव्याने हलकेच दाबा आणि पाट हळूहळू एका बाजूने उचला. पीठ बराच वेळ तग धरतं. आता सगळं झटकून पुन्हा करा, पण पिठाच्या आधी साखरेचा पातळ थर पसरा. या वेळी पाट थोडा कललेला असतानाच पिठाच्या वरच्या कडेला बोट टोचा. बोटापासून एक चीर आडवी धावते आणि पाटभर पीठ एकदम, अख्ख्या लादीसारखं खाली येतं. बोट टोचलं एका जागी, सुटलं सगळं. आमच्याकडे हा प्रयोग बघून एका काकूंनी दोनच प्रश्न विचारले: पीठ परत वापरता येईल का, आणि बोट म्हणजे आपण का. दुसऱ्याचं उत्तर हो.

सह्याद्रीतली दरड आणि ॲव्हलांच यांतला फरक नेमका इथे आहे. दरड पाणी मुरून पडते, आपण तिथे असलो तर सापडतो. ॲव्हलांचच्या प्राणघातक अपघातांत मात्र दहापैकी सुमारे नऊ वेळा तो स्लॅब स्वतः सापडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्यानेच सोडवलेला असतो, आपल्याच वजनाने. आणि म्हणूनच तो टाळताही येतो.

डोंगरावर ती साखर येते कुठून? जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या जवळ असतो, वरची हवा उणे पंधरा. बर्फाचा थर पातळ असेल तर एवढा फरक थोडक्या जाडीत मावावा लागतो. दर १० सेंटिमीटरला १ अंशापेक्षा जास्त फरक पडू लागला की खालची वाफ वर सरकते, बर्फाचे कण विरघळल्यासारखे होऊन पुन्हा जमतात, पण आता टोकदार, चकचकीत, एकमेकांना न धरणारे. मुठीत घेतले तर गोळा होत नाही, बोटांतून साखरेसारखे गळतात. लाहौल-लडाखच्या कोरड्या, कडक थंडीत आणि पातळ बर्फात हे फार होतं. पीर पंजालच्या बाजूला बर्फ पुष्कळ पडतो, हवा त्या मानाने उबदार, तिथे नव्या जड बर्फाचा प्रश्न मोठा. ‘यंदा बर्फ कमी आहे, म्हणजे धोका कमी’ हे वाक्य म्हणूनच ऐकायला शहाणं आणि प्रत्यक्षात घातक. कमी बर्फ म्हणजे खाली जास्त साखर असू शकते.

दुसरी साखर वरून येते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे स्फटिक उगवतात. सकाळच्या उन्हात त्यांचा फोटो सगळे काढतात. दोन दिवसांनी त्यावर नवा बर्फ पडला की ती पिसं गाडली जातात आणि कित्येक आठवडे तशीच राहू शकतात. फोटो काढा, आणि तारीख लक्षात ठेवा.

नाळ सोडा, सोंड धरा

हा मुद्दा खास आपल्या लोकांसाठी. सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरला कुठल्याही डोंगरापुढे उभं केलं की त्याचे डोळे आपोआप नाळ शोधतात. कड्याला फोडून वर जाणारी ती घळ म्हणजे आपली हक्काची वाट. दोन्ही हातांना खडक, खाली दगडधोंडे, वारा नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट काय किंवा घाटमाथ्यावर चढणाऱ्या बाकीच्या अनवट वाटा काय, आपलं सगळं शिक्षणच नाळेत झालेलं.

बर्फात ती सवय विसरायची. नाळ म्हणजे वरच्या सगळ्या उतारांचा पन्हळ. वर कुठेही थोडंसं सुटलं तरी ते नाळेतूनच येतं, आणि पसरायला जागा नसल्याने थर उंच साचतो. मोकळ्या उतारावर ज्या बर्फाने माणूस गुडघाभर गाडला गेला असता, तो नाळेत दोन पुरुष खोल जातो. ओढ्याची घळ, रस्त्याची कापलेली कड, उताराखालचा कडा, दगडांची रास, झाडी ही सगळी याच जातीची सापळ्याची ठिकाणं. लहानसा ॲव्हलांचही तिथे जीव घेतो.

त्याऐवजी सोंडेवरून, म्हणजे डोंगरातून बाहेर आलेल्या उंचवट्यावरून, किंवा धारेवरून चला. वारा लागेल, चाल जास्त पडेल, पण डोक्यावर काही नसेल. फक्त धारेवर एक काळजी: वारा बर्फ एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो, आणि आडोशाच्या बाजूला धारेच्या बाहेर बर्फाचा छज्जा तयार होतो. वरून तो जमिनीसारखाच दिसतो. तुटतो तेव्हा वाटतं त्यापेक्षा बराच आतून तुटतो. म्हणून धारेच्या वाऱ्याकडच्या अंगाने, कडेपासून लांब चाला. ज्या बाजूला छज्जा झुकलेला, त्याच्या खालच्या उतारावर वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ थापलेला असतो. तो उतार त्या दिवसापुरता बाद.

घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, पाय ठेवताना आपल्याला जो धसका वाटतो, तो बर्फाच्या गुळगुळीत उतारावर वाटत नाही, हीच अडचण आहे. घसारा निदान घसारा दिसतो.

घरी बसून करायची कामं

नकाशा काढा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर डोंगराळ भागात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या ४० मीटरच्या अंतराने असतील, तर दोन रेषांमधलं अंतर १.४ मिलिमीटर म्हणजे ३० अंश. त्याहून जवळ आल्या की धोक्याचा उतार सुरू. बारीक टोकाची पेन्सिल घ्या आणि आपल्या वाटेच्या वर-खाली असे पट्टे भरून टाका. उताराचे रंग दाखवणारी ॲपही आहेत, ती वापरा, पण नकाशातला उतार सरासरीचा असतो. वीस मीटरचा छोटा तीव्र टप्पा त्यात लपतो, आणि तेवढा पुरतो. उपग्रहचित्रात देवदारांच्या जंगलातून वरून खाली उघडा पट्टा दिसला, तर तिथून झाडं कोण उपटून नेतं याचा विचार करा.

मग धोक्याचा अंदाज. भारतात ॲव्हलांचचा इशारा देण्याचं काम डीआरडीओच्या चंदीगडमधल्या संस्थेकडे आहे. पूर्वी मनालीची ‘सासे’ म्हणून ट्रेकरांना माहीत होती, २०२० नंतर ती डीजीआरई या नावाने काम करते. जिल्हा आणि उंची सांगून इशारा येतो, आणि राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं तो पुढे कळवतात. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज बघा, नुसता आदल्या दिवशीचा नको. पाश्चिमात्य विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमालयात बर्फ पाडणारं वादळी हवामान, कधी आलं, किती बर्फ टाकून गेलं, वारा कुठून होता, हे वहीत लिहीत जा. युरोप-अमेरिकेत धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, आणि सर्वाधिक माणसं मरतात ती तिसऱ्या पायरीच्या दिवशी. चौथी-पाचवी ऐकून लोक घरात बसतात, तिसरी म्हणजे ‘मध्यम’ समजून निघतात. पाचातली तीन म्हणजे पन्नास टक्के गुण नव्हेत.

ट्रेक कंपनीबरोबर जात असाल तर पैसे भरायच्या आधी चार प्रश्न विचारा. बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं अंगावरचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाला देता की फक्त गाइडकडे असतं? वाटेतला सर्वांत तीव्र उतार कुठे आणि किती? बर्फ जास्त पडला तर पर्यायी वाट कोणती? मागच्या हंगामात कधी अर्ध्यातून परत आलात? शेवटच्या प्रश्नाला ‘आमची समिट शंभर टक्के होते’ असं उत्तर मिळालं तर दुसरी कंपनी बघा.

बीकन, प्रोब, फावडं

तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. एकाकडे असून उपयोग नाही, कारण तोच गाडला गेला तर? बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतो. कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपापले बीकन शोधण्यावर टाकतात आणि त्यावर दिसणाऱ्या बाणाच्या मागे जातात. तो अंगाला, आतल्या थरावर पण जॅकेटच्या आत बांधायचा, सॅकमध्ये नाही. मोबाइल, हेडलॅम्प, ॲक्शन कॅमेरा त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब, आणि शोधताना ५० सेंटिमीटर. तेव्हा फोन बंद केलेला सर्वांत बरा. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परदेशातून कुणी आणून दिलाय म्हणून सोबत घेऊ नका. भारतात परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे.

घाई का, ते आकड्यांतच आहे. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहाएक मिनिटांत बाहेर काढला तर दहातले नऊ जगतात. अर्धा तास उलटला की तीनातला एखादा. माझ्या प्रत्येक गप्पांच्या कार्यक्रमात कुणीतरी लान्स नाईक हणमंतप्पांचं नाव घेतं: फेब्रुवारी २०१६, सियाचीन, सहा दिवसांनी जिवंत सापडले. ते खरं आहे, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत रुग्णालयात ते गेले हेही खरं आहे. त्या एका उदाहरणावर आपला हिशेब बांधायचा नाही. पोलीस, लष्कर, हेलिकॉप्टर यांतलं काहीही दहा मिनिटांत येत नाही. जे करायचं ते शेजारी उभ्या असलेल्या चौघांनी.

त्यामुळे सराव. घोडबंदर रोडला आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या सोसायटीमागे बारा महिने कसलं ना कसलं बांधकाम चालू असतं. तिथल्या वाळूच्या ढिगात, वॉचमनला सांगून, आम्ही चालू बीकन डब्यात घालून जुन्या गादीच्या तुकड्याबरोबर पुरतो. एकाने घड्याळ लावायचं, बाकीच्यांनी शोधायचं. पहिल्या रविवारी आम्हाला एकोणीस मिनिटं लागली. सगळे एकदम ओरडत होते, दोघांनी स्वतःचा बीकन शोधण्यावर टाकलाच नव्हता, म्हणजे आम्ही एकमेकांनाच शोधत होतो. चौथ्या रविवारी सहा मिनिटं.

क्रम असा. पुरलेल्या बीकनचा संदेश मिळेपर्यंत झपाट्याने चाला. बीकनवरचा अंतराचा आकडा १० मीटरच्या खाली आला की वेग कमी. ३ च्या खाली आला की गुडघ्यावर बसून बीकन जमिनीलगत धरा आणि न फिरवता आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे सरकवत सर्वांत छोटा आकडा गाठा. तिथे प्रोब खुपसा, उताराला काटकोनात, आणि तिथून २५-२५ सेंटिमीटरवर गोल वाढवत जा. काहीतरी मऊ, दबणारं लागलं की प्रोब तिथेच ठेवा, उपसू नका. फावडं चालवायचं ते प्रोबच्या डोक्यावर नाही. जेवढा खोल माणूस, त्याच्या दीडपट अंतर उताराखाली सरकून आडवं आत खणत जायचं, म्हणजे बर्फ मागे लोटता येतो आणि त्याच्या छातीवर कुणी उभं राहत नाही. थांबलेला ॲव्हलांच ओल्या सिमेंटसारखा घट्ट बसतो, त्यामुळे फावडं धातूचंच हवं. प्लॅस्टिकचं मोडतं.

एअरबॅग, म्हणजे ॲव्हलांचमध्ये फुगून माणसाला वर ठेवणारी सॅक, चांगली, महाग, आणि नवख्याला आधी लागणारी गोष्ट नाही.

डोंगरावर : डोळे आणि कान

सकाळी तंबूतून बाहेर पडल्यावर पहिलं काम समोरच्या उतारांवर ताजे ॲव्हलांच शोधणं. तुम्ही ज्या दिशेच्या आणि ज्या उंचीच्या उतारावर जाणार आहात, तशाच उतारावर काल-परवा काही सुटलेलं दिसलं, तर निर्णय डोंगराने तुमच्या वतीने घेतलाय. चोवीस तासांत फूटभर नवा बर्फ, धारेवरून उडणारा बर्फाचा धूर, किंवा एकाएकी चढलेलं तापमान, यांतलं काहीही असेल तर त्या दिवशी तीव्र उतार नाहीत. ऊन चढल्यावर दक्षिणेकडच्या बर्फात पाय घोट्यापेक्षा खोल जायला लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की तिथून निघायचं. पहाटे निघून दुपारच्या आत परत, हे आपल्या उन्हाळी ट्रेकचं वेळापत्रक इथेही चालतं. सावलीतल्या उत्तरेकडच्या उताराला मात्र ते लागू नाही. तिथे साखर टिकून राहते.

आता कान. काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, मनालीच्या वरच्या अंगाला आम्ही ठाण्याचे अकरा जण एका सपाट कुरणावरून चाललो होतो. दोन दिवस पडून बर्फ थांबला होता, आकाश धुतल्यासारखं. मी पुढून तिसरी. पाय ठेवला आणि खालून आवाज आला, ‘धप्प’. माळ्यावरून गादी खाली टाकावी तसा, पण जमिनीच्या आतून. सगळं कुरण किंचित खाली बसल्यासारखं वाटलं, आणि माझ्या बुटापासून एक बारीक चीर पुढे दहा-बारा मीटर पळत गेली. कुणीतरी म्हणालं, ‘ताई, वजन कमी करा.’ सगळे हसलो. मीही. आणि हसत हसत पुढे एका तीव्र उताराच्या पायथ्याने तासभर चाललो.

तो आवाज म्हणजे खालचा साखरेचा थर कोसळल्याचा आवाज, हे मला पुढच्या वर्षी कोर्सला गेल्यावर कळलं. पायाखाली सपाट होतं म्हणून काही सरकलं नाही. तोच कोसळलेला थर जोडलेला राहून वरच्या उतारापर्यंत गेला असता, तर खालून चालणाऱ्या आम्हीच वरचा स्लॅब ओढून घेतला असता. असं होतं. ‘धप्प’ ऐकू आलं किंवा पायापासून चीर पळाली, की चर्चा नाही, आल्या पावली मागे.

धोक्याचा उतार ओलांडणं टाळताच येत नसेल तर एकेकाने ओलांडा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून चालणाऱ्यावर डोळे ठेवायचे, फोटो नाही. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. शक्य तितक्या वरून जा, मधोमध थांबून पाणी पिऊ नका. पुढे जाऊन थांबायची जागा आधी ठरवलेली असावी: मोठा खडक, सोंडेचा माथा. ‘त्या झाडापाशी’ ही जागा नव्हे, झाड उताराच्या पोटात असेल तर.

खड्डा खणून काय कळतं

बर्फात खड्डा खणून थर तपासायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात आणि सगळ्यांना तेच आधी शिकायचं असतं. शिका, मजा येते. ज्या उतारावर जायचंय त्याच दिशेचा आणि साधारण त्याच कोनाचा, पण छोटा आणि खाली सापळा नसलेला उतार निवडा. मीटर-सव्वा मीटर खोल खणून वरच्या अंगाची भिंत फावड्याने सरळ कापा. बोटांनी वरपासून खाली दाबत या: मूठ सहज आत जाते तो थर सर्वांत मऊ, मग चार बोटं, एक बोट, पेन्सिल, आणि सुरीच जाते तो सर्वांत कडक. कडक थराखाली एकदम मूठ आत गेली की तिथे थांबा. पाटावरचं पीठ-साखर आठवा.

मग चाचणी. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि आत ३० सेंटिमीटर असा खांब सगळीकडून मोकळा करा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून त्यावर हाताने ठोका: दहा वेळा नुसत्या मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. मोजत जा. एखाद्या ठोक्याला चीर पडली आणि त्याच किंवा पुढच्याच ठोक्याला ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तर बर्फ तुम्हाला नाही म्हणतोय.

आणि चीर गेलीच नाही तर? तर काहीही सिद्ध झालेलं नाही. वीस मीटरवर, खडकाच्या आडोशाला, बर्फ वेगळा असू शकतो. या चाचणीचा मी एकच उपयोग धरते: जायचं ठरलेलं रद्द करायला. रद्द झालेलं पुन्हा चालू करायला तिचा उपयोग करू नका.

परतीचं तिकीट

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तुम्ही त्या दिवशी सकाळी आठला बसून तिकीट मिळवलेलं असतं, ऑफिसमधून रजा भांडून घेतलेली असते, बूट नवे असतात. या सगळ्याचं वजन सॅकपेक्षा जास्त असतं. आयन मॅककॅमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातले तिथले ७१५ अपघात तपासले, तेव्हा धोक्याची लक्षणं समोर असूनही माणसं का गेली याची ठरावीक कारणं सापडत गेली: जागा ओळखीची होती, ठरवलं होतं म्हणून, पुढारी अनुभवी होता म्हणून, कोऱ्या बर्फावर पहिली पावलं आपलीच उमटावीत म्हणून, इतरही जात होते म्हणून. आपल्या ग्रुपमध्ये यात एक भर पडते, भीड. दादा पंधरा वर्षं ट्रेक करतात, त्यांना कसं सांगायचं?

त्यावर आमच्याकडे नियम आहे. निघण्याआधी, पायथ्याशी, सर्वांत नवख्याने आधी बोलायचं आणि सर्वांत अनुभवीने शेवटी. कुणाही एकाचं ‘नको’ हे सगळ्यांचं ‘नको’, आणि कारण विचारायचं नाही. परतीचं तिकीट हाताशी दोन दिवस मोकळे ठेवून काढतो. ते दिवस पायथ्याच्या गावात राजमा-चावल खाण्यात गेले तर गेले.

अनुभव ढाल होत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा–२ या शिखरावर ॲव्हलांचमध्ये सापडले ते नेहरू पर्वतारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि त्यांचे प्रशिक्षक होते. तेव्हाच्या शोधात २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. तो महिना हिवाळ्याचाही नव्हता.

सुटलंच तर

ओरडा, म्हणजे बाकीच्यांचं लक्ष जाईल. बाजूला निसटता येतं का पाहा, खाली पळून जमत नाही. वाहून जाताना हातपाय मारत वर राहायची धडपड करा, आणि वेग कमी व्हायला लागला की हात तोंडापुढे आणा. बर्फ थांबला की हात हलवता येत नाही. ती मूठभर पोकळी तुमची हवा.

बाहेर राहिलेल्यांनी तो माणूस शेवटचा दिसला ती जागा नजरेत पक्की करायची. वर आणखी काही लटकत नाहीये ना, एवढं बघून सगळे बीकन शोधण्यावर, आणि शेवटच्या दिसल्या जागेपासून उताराच्या खालच्या दिशेने शोध सुरू. टोपी, काठी, हातमोजा जे वर दिसेल ते ओढून बघा, खाली हात असू शकतो. नेटवर्क असेल तर एकाने ११२ लावावा. नसेल तर मदत आणायला कुणाला पळवू नका, आधी खणा. डोकं मोकळं झालं की आधी तोंड-नाक साफ करा, छातीवरचा बर्फ काढा, श्वास बघा.

ट्रेक संपला की बीकन बंद करायचा तो गाडीच्या रस्त्याला लागल्यावर, शेवटचा उतार मागे पडल्यावर, तंबू गुंडाळताना नाही. आणि ठाण्याला परतलात की त्याच रात्री त्यातले सेल काढून ठेवा. मी एका वर्षी विसरले. इथल्या पावसाळ्यात बुटांना बुरशी येते तिथे सेलचं काय. ऑगस्टमध्ये झाकण उघडलं तर आत हिरवट चुरा झाला होता, आणि स्प्रिंग बोट लावताच तुटून हातात आली.